डोक्यावरचा पट्टा आणि लुळा हात

पक्षाघातानंतर लुळ्या पडलेल्या हाताविषयी एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे: डोक्याला मेंदूलहरी टिपणारा पट्टा बांधा, रोज हात हलवण्याची कल्पना करा, पडद्यावरच्या मेंदूलहरी ‘सुधारा’, म्हणजे व्यायामाशिवाय हात पूर्ववत होईल, विज्ञानाने हे सिद्ध केले आहे. यातला थोडा भाग खरा आहे, म्हणूनच उरलेला खपून जातो.

हालचालीची नुसती कल्पना केली तरी हालचाल व स्पर्श सांभाळणाऱ्या मेंदूच्या चालक-संवेदी भागावरील म्यू लय (सेकंदाला 8 ते 13 वेळा, म्हणजे 8 ते 13 हर्ट्झने येणारी मेंदूलहर) क्षीण होते, हे खरे. स्वतःच्या मेंदूतले संकेत बदलायला शिकता येते, हेही एबरहार्ड फेट्झ यांनी 1969 मध्ये माकडांच्या एकेका चेतापेशीवर दाखवले. परंतु लहर बदलली म्हणजे बोटे उघडली असे होत नाही.

‘व्यायामाशिवाय’ हा शब्द तर उघड चुकीचा आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीत जुन्या पक्षाघाताचे 32 रुग्ण होते. दोन्ही गटांना फिजिओथेरपी मिळाली आणि दोन्ही गटांचे हात यंत्राने हलवले गेले, मात्र एका गटात रुग्णाची म्यू लय क्षीण झाली तरच यंत्र हले आणि दुसऱ्यात ते लहरीशी संबंध न ठेवता केव्हाही हले. सुधारणा पहिल्या गटात दिसली. म्हणजे गुण लहरीच्या चित्राचा नव्हता. हलवण्याचा हेतू मनात उमटला त्याच क्षणी स्नायू आणि सांध्यांकडून हालचालीची वर्दी मेंदूला परत पोहोचली, हा मेळ महत्त्वाचा ठरला. तोही माफकच: पक्षाघातानंतरची हालचालीची क्षमता मोजणाऱ्या फुगल-मायर मापनपट्टीवर सरासरी 3.4 गुणांच्या आसपास, आणि हातासाठीची पूर्ण पट्टी 66 गुणांची असते. ‘पूर्ववत’ हे याचे वर्णन नव्हे.

पट्टा कुठे बसतो, हेही पाहावे. हात चालवणारा मेंदूचा भाग टाळूच्या दोन्ही बाजूंना असतो; पट्टा कपाळावर बसत असेल, तर त्यातल्या इलेक्ट्रोडला (विद्युत संकेत टिपणाऱ्या भागाला) मुख्यतः पापण्यांची उघडझाप आणि भुवयांचे स्नायू ‘ऐकू’ येतात, ज्यांच्यापुढे मेंदूचे काही मायक्रोव्होल्टचे क्षीण संकेत बुडून जातात. आठी सैल केल्याबद्दल शाबासकी मिळवणे एवढेच कधीकधी घडत असावे.

मजकुरासोबत जोडलेली यांत्रिक हाताची चित्रफीत वेगळ्याच गोष्टीची असते. 2012 च्या ब्रेनगेट प्रयोगात (मेंदूच्या संकेतांनी यंत्र चालवण्याच्या संशोधनात) हातपाय न हलणाऱ्या स्त्रीने यांत्रिक हाताने पेय उचलून प्यायले, ते मेंदूत रोवलेल्या इलेक्ट्रोडच्या बळावर. तिचा स्वतःचा हात तसाच राहिला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 मध्ये परवानगी दिलेल्या, डोक्यावरून मेंदूलहरी टिपून चालणाऱ्या उपकरणातही डोक्यावरच्या संचाबरोबर बोटे उघडणारे-मिटणारे यंत्र हातावर चढवावे लागते, आणि ती परवानगी पुनर्वसनातील साहाय्यापुरती आहे.