सॉकेट मोठा बसवला म्हणून वायर मोठी होत नाही

जुळे सोलापूरच्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की किचनमधला ६ अँपिअरचा सॉकेट काढून तिथंच १६ चा बसवा, वायर तीच चालते, आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल तर मोठी टाका. हे चूक आहे बरं का, कुणी करू नका.

सॉकेट बदलला तरी भिंतीतली वायर तीच पातळ राहते, बऱ्याच घरांत १ किंवा १.५ स्क्वेअर एमएमची. आता इंडक्शन २००० वॅटचा म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ८.७ अँपिअर, त्याच बोर्डवर १५०० ची किटली लावली की झाले १५ च्या वर, वायर आतल्या आत तापत राहते आणि वरून काहीच कळत नाही. एमसीबी त्या वायरीला वाचवायलाच असते, ती मोठी टाकली तर वायर जळेल पण एमसीबी पडणार नाही. शेंगा चटणीच्या मिक्सरला ६ चा सॉकेट पुरतो, प्रश्न इंडक्शन, ओव्हनचा आहे. त्यांना डीबीपासून, म्हणजे एमसीबी असतात त्या बॉक्सपासून, वेगळी लाईन ओढा, कमीत कमी २.५, शक्यतो ४ ची तांब्याची वायर.

त्याच मेसेजात अर्थिंग नसेल तर न्यूट्रलवरून लूप मारा, म्हणजे न्यूट्रलचीच वायर अर्थच्या पिनला जोडा, असंही लिहिलंय, हे तर लैच डेंजर! न्यूट्रल कुठं तुटली की ओव्हनच्या पत्र्यात करंट येतो.

सॉकेट सिंक आणि शेगडीपासून लांब घ्या, ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवा. काम लायसन असलेल्या वायरमनकडूनच, मेन बंद करून.