तीन लाखांचा बगळा

माझी दुर्बीण साडेसहा हजारांची आहे आणि बारा वर्षं तिने कुरकुर न करता खंड्या, तांबट, वेडा राघू, सातभाई सगळं दाखवलंय, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नाही. दोष डॉक्टरांचा. आमच्या रविवारच्या पक्षीवाल्या ग्रुपमधले डॉक्टर. डिसेंबरात पुण्याजवळच्या कवडीपाटला नदीच्या वासात नाकाला रुमाल लावून उभे होतो, तर त्यांनी सहज "बघा जरा यातून" म्हणत स्वतःची दुर्बीण माझ्या गळ्यात घातली आणि मी पलीकडच्या काठावरचा चक्रवाक बघितला. नारिंगी! म्हणजे तो नारिंगी असतो हे मला माहीत होतं हो, पण इतका? घरी आल्यावर आपल्यावालीतून समोरच्या टाकीवरचा कावळा बघितला तर त्याला कडेने जांभळे काठ, इरकलीला असावेत तसे. बारा वर्षं मी ते काठ कावळ्याचेच समजत होतो.

डॉक्टरांची दुर्बीण म्हणजे स्वारोव्स्की एनएल प्युअर ८×४२. किंमत बघून मी पेज रिफ्रेश केलं, म्हटलं चुकून एखादं शून्य जास्त पडलं असेल. नव्हतं पडलं. तीन लाखांच्या घरात. आता घ्यायची ऐपत नाही हे पहिल्या मिनिटात कळलं होतं, तिथेच लॅपटॉप बंद करायला हवा होता, पण न घ्यायच्या वस्तूची तुलना करण्यात जी मजा आहे ती घ्यायच्या वस्तूत नाही. त्यामुळे समोर झाइस व्हिक्टरी एसएफ आणि लायका नॉक्टिव्हिड उभ्या केल्या आणि एक्सेल उघडलं. झाइसच्या दुर्बिणी आणि लायका दोन्ही जर्मनीतल्या वेट्झलार या एकाच गावच्या, म्हणजे समोरासमोर दोन मिसळवाले असतात तसं, आणि तर्री कोणाची चांगली यावर जगभरची माणसं रात्र रात्र भांडतायत. हजार मीटरवर स्वारोव्स्की १५९ मीटर रुंदीचं दाखवते, झाइस १४८, लायका १३५. पहिल्या आणि शेवटच्यात तब्बल २४ मीटरचा फरक! हे मी बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. हजार मीटरवरचा पक्षी मला आजवर एकदाही ओळखता आलेला नाही, पण ते वेगळं.

बायकोचंही एक सांगायला हवं. तिने लॅपटॉपवर स्वारोव्स्कीची टॅब उघडी बघितली होती, आमच्या लग्नाचा वाढदिवस तीन आठवड्यांवर आलेला, त्यामुळे दोन दिवस घरात विलक्षण गोडवा आणि जेवायला थालीपीठ-लोणी. मग मला खुलासा करावा लागला की अगं ते कानातल्यांचं घराणं तेच, पण ही कंपनी वेगळी, ऑस्ट्रियात आब्साम म्हणून गाव आहे तिथे १९४९ पासून दुर्बिणी वगैरे बनवतात. ती शांतपणे "बरं" म्हणाली. थालीपीठ राहिलं, लोणी गेलं.

बाबा गणिताचे रिटायर्ड मास्तर. त्यांनी एक्सेल बघून विचारलं, "आठ बेचाळीस तीनशे छत्तीस, बरोबर. मग तीन लाख कशाचे?" मी म्हटलं बाबा गुणायचं नसतं, भागायचं असतं. आठ म्हणजे आठपट मोठं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यापाशी येतो, १०×४२ दुर्बिणीत ४.२च, म्हणून झुंजुमुंजूला आठवाली उजळ. बाबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या डोळ्याची बाहुली किती उघडते पण? वय झालं की ती कमी उघडते म्हणतात. मग एवढा ठिपका आत मावणार कसा?" झोप उडाली. पहाटे पाच वाजता मुलीच्या कंपासमधली पट्टी घेऊन बाथरूमच्या आरशासमोर उभा राहिलो, तर गोची अशी की अंधारात बाहुली मोठी होते पण पट्टी दिसत नाही, आणि दिवा लावला की पट्टी दिसते पण बाहुली आकसते. हे मी चार वेळा करून बघितलं. पाचव्या वेळी बायको दारात उभी होती.

शेवटी पुढच्या रविवारी योग जुळून आला. डॉक्टर होतेच, एकाचा भाऊ जर्मनीहून झाइस घेऊन आलेला, आणि लायका आमच्या ग्रुपमधल्या काकांकडे. तिन्ही एकदम माझ्या हातात, तिन्ही पाऊण किलोच्या वर, मान कामातून गेली. मी चष्मेवाला म्हणून आयकप, म्हणजे डोळ्यापाशीच्या रबरी कडा, आत ढकलले आणि रंगाची टेस्ट पांढऱ्यावर करायची असं ठरवून म्हशीशेजारचा एक गायबगळा पकडला. लायका लावली. "जरा उबदार आहे हो टोन," मी म्हणालो. काका खूश, सगळे असंच म्हणतात म्हणाले. मग झाइस. हीसुद्धा उबदार. मग स्वारोव्स्की, तीही! आता तीन लाखांच्या तीन दुर्बिणी एकदम कशा चुकतील, म्हणून मी निष्कर्ष काढला की बगळाच पिवळसर आहे, विणीचा रंग चढायला लागलाय. काका म्हणाले, "डिसेंबरात?" मी म्हटलं हल्ली ऋतूंचं काही खरं राहिलंय का, आणि पाऊस, उष्णता, नदीचं पाणी असं पाच-सात मिनिटं बोललो. लोकांनी ऐकलं. एकाने वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

घरी येऊन चष्मा काढून टेबलावर पसरलेल्या पेपरवर ठेवला. बायको भाजी निवडत होती, तिने चष्म्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अरे, तुझ्या काचा पिवळ्या आहेत ना. दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतलास तो, ब्लू-कट का काय." खरंच काचेखालचा पेपर लोण्यासारखा दिसत होता, आणि बाजूचा पांढरा.

पहिल्या दिवशीचा तो चक्रवाक नेमका किती नारिंगी होता, हा विचार मी अजून केलेला नाही आणि करणारही नाही. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरांनी ग्रुपवर दिवसभराची यादी टाकली होती. चक्रवाक ३२, शेकाट्या ४०, नदीसुरय ६, आणि सगळ्यात खाली, गायबगळा, विणीच्या रंगात, १ (एकाच सभासदाला दिसला).