फाँडंटची बाहुली फ्रिजमध्ये कडक होत नाही

फाँडंट म्हणजे केक सजवायची साखरेची मऊ कणीक. ‘फाँडंटची बाहुली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी दगडासारखी घट्ट होते’ हा फिरता सल्ला चुकीचा आहे. गारव्याने ती तेवढ्यापुरती घट्ट लागते. बाहेर काढली की अंगावर दव धरतं, साखर विरघळते, गाल चिकट चकाकतात, डोळ्यांचा काळा रंग ओघळतो आणि मान कलते.

खरा घट्टपणा येतो सीएमसी पावडरने (खाद्य डिंकाची पूड) आणि वाळण्याने. २५० ग्रॅम फाँडंटमध्ये चहाचा एक सपाट चमचा पावडर मळा, क्लिंग फिल्ममध्ये (प्लास्टिकच्या पातळ चिकट कागदात) गुंडाळून दोन-तीन तास मुरू द्या. जास्त पडली तर भेगा जातात. आधी पाय-धड वाळवा, मगच आत कोरडी स्पॅगेटी खोचून डोकं बसवा. पंख्याखाली दोन दिवस तरी हवेत. कोकणातल्या पावसाळ्यात आणखी. ठेवायला हवाबंद डबा नकोच, पुठ्ठ्याचा खोका घ्या.