थेरपी म्हणजे पैसे देऊन गप्पा? त्या फॉरवर्डला उत्तर

परत तोच मेसेज फिरतोय: "मरायची भाषा करणारे काही करत नाहीत, त्यांना विचारत बसू नका, नाहीतर नसलेलं डोक्यात भरेल. थेरपी म्हणजे पैसे देऊन गप्पा, आणि गोळ्यांचं व्यसन लागतं."

पहिलं तर साफ चूक. जीव देणाऱ्या कित्येकांनी आधी कुणाला तरी, आडून का होईना, सांगितलेलं असतं. नाटक म्हणून सोडून देऊ नका, बास.

विचारल्याने डोक्यात भरतं म्हणे. २००५ साली न्यूयॉर्कमधल्या २,००० वर शाळकरी मुलांवरचा अभ्यास छापून आला, त्यात आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने मुलांचा त्रास वाढला नाही, उलट आधीच डिप्रेशनमध्ये असलेल्यांचा थोडा कमीच झाला. तेव्हा सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतायत का?" आणि मग भाषण न देता ऐका.

आता गप्पा. सीबीटीत (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपीची एक पद्धत) होमवर्क असतो राव! मनात आलेला विचार लिहायचा, तो कितपत खरा ते तपासायचं, बंद पडलेली छोटी छोटी कामं ठरवून परत सुरू करायची, कंटाळवाणं असतं पण बऱ्याच जणांना उपयोग होतो. आणि मरायचे विचार येत असतील तर सेफ्टी प्लॅन बनवतात: त्रास वाढायला लागला हे कशावरून ओळखायचं, एकट्याने काय करायचं, मग कुणाला फोन, कुठला डॉक्टर, आणि जिवाला धोका होईल अशा वस्तू आधीच कुणाकडे देऊन ठेवायच्या. कारण ती तीव्र वेळ बहुतेकदा ओसरते, तेवढी निभावायची असते. थेरपिस्ट नुसतं "पॉझिटिव्ह राहा" म्हणत असेल तर खुशाल बदला. पद्धत कुठली, फरक पडतोय हे कसं मोजणार, हे पहिल्याच भेटीत विचारा. डिप्रेशन किती आहे ते बघायला पीएचक्यू-९ नावाची ९ प्रश्नांची साधी यादी असते, तिच्यातला नववा प्रश्न मरायच्या विचारांचाच आहे, तिथे खरं उत्तर द्या, लपवलंत तर समोरच्याला कळणार कसं?

गोळ्यांचं म्हणाल तर डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची तलफ येत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात. नीट फरक जाणवायला काही आठवडे लागतात, आणि पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीला जास्त लक्ष ठेवावं लागतं (हे मात्र कुठलाच फॉरवर्ड सांगत नाही).

आणि हे वाचताना तुमच्याच मनात तसलं काही चालू असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आत्ता कुणाला तरी जवळ बोलवा, हेल्पलाइनला फोन करा नाहीतर सरळ इमर्जन्सीत जा.