‘तारीख बदलली तर काय बिघडले?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तेराव्या शतकातले इटालियन धर्मपंडित संत थॉमस अक्विनास यांच्या 7 मार्च या जुन्या सणाविषयी (1969 साली तो 28 जानेवारीला नेला गेला) मी जो लेख लिहिला, त्यावर आलेली एक प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतो आहे हे इतर वाचकांनाही कळेल.

‘काका, तारीख बदलली तर कोणाचे काय बिघडले? संत काही स्वर्गात कॅलेंडर टांगून बसलेले नाहीत. आणि 7 मार्च पेर्पेतुआ व फेलिसिता यांचा आहे, थॉमसचा नाही. लॅटिन तुमच्या आजीलाही कळत नव्हते. तेराव्या शतकातल्या युरोपियन साधूंशी वसईच्या माणसाचे देणेघेणे काय? पोपनी 2021 मध्ये जे बंद केले ते तुम्ही मागच्या दाराने आणता आहात. ही भक्ती नव्हे, हा जुन्या वस्तूंचा छंद आहे.’

महोदय, आपण टोपणनावाने लिहिले आहे, त्यामुळे आपण वयाने कोण, कोणत्या धर्मग्रामातले, हे मला ठाऊक नाही. ‘काका’ म्हणालात, तो मान मी ठेवून घेतो. मात्र आमच्याकडे काकांशी वाद घालताना त्यांच्या दिवंगत आईआजीला मध्ये ओढण्याची पद्धत नाही. माझ्या लेखात मी कोणाचीही टिंगल केली नव्हती. नवीन उपासना-दिनदर्शिका मानणाऱ्यांना मी अश्रद्ध म्हटले नव्हते, आणि म्हणण्याचे कारणही नव्हते, कारण मी स्वतः दर रविवारी आमच्या चर्चमधल्या मराठी मिस्सेलाच (प्रभुभोजनाच्या उपासनेला) जातो. तरीही आपण पहिल्याच वाक्यापासून मला अंगणात उभे करून झापल्यासारखे लिहिले आहे. असो. आपल्या प्रतिक्रियेत मुद्दा म्हणावा असे एक वाक्य आहे, पहिले. ते मी गंभीरपणे घेतो.

तारीख बदलल्याने काय बिघडले, हे कळायला ती तारीख कशाची होती हे आधी पाहावे लागते. फ्रान्समधल्या लिओन शहरी भरणाऱ्या दुसऱ्या धर्मपरिषदेला पोप दहावे ग्रेगरी यांनी बोलावले म्हणून थॉमस नेपल्सहून निघाले, वाटेत आजारी पडले, आणि 7 मार्च 1274 रोजी फोस्सानोव्हा येथील सिस्टर्शियन मठात वारले. 1323 साली त्यांना संतपद मिळाले, 1567 साली पोप पाचव्या पायस यांनी त्यांना धर्मपंडित म्हणून गौरविले, आणि त्यांचा सण त्या मृत्युदिनी पाळला जात राहिला. संताचा सण त्याच्या मृत्युदिनी पाळणे ही मध्ययुगातल्या कोण्या मठाधिपतीची लहर नव्हती. दुसऱ्या शतकात स्मर्ना येथील ख्रिस्ती समाजाने बिशप पॉलिकार्प यांच्या रक्तसाक्ष्याविषयी, म्हणजे श्रद्धेसाठी पत्करलेल्या मरणाविषयी, जे पत्र लिहिले, त्यातच दरवर्षी त्या दिवशी त्यांच्या अस्थींपाशी जमून तो दिवस जन्मदिवसासारखा आनंदाने पाळू, असे म्हटले आहे. आधी माणूस मेला, मग लोक त्या दिवशी त्याच्या थडग्यापाशी जमू लागले, आणि त्या जमण्यातून सण झाला. दिनदर्शिका छापणारे फार नंतर आले.

मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागावे याचेच मला आश्चर्य वाटते. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला येते. त्या सुमारास परीक्षा असतात, ऊन वाढलेले असते, तेव्हा ती सोयीसाठी श्रावणात नेऊ, असे देहूला जाऊन म्हणून पाहा. ‘तुकोबा काय वैकुंठात पंचांग उघडून बसलेत?’ हे वाक्य तिथे आपल्या तोंडून निघेल का? तिथे जे निघणार नाही ते माझ्या लेखाखाली निघाले, कारण इथे समोर कोणी उभे नसते.

आता 1969 सालच्या बदलाची बाजू. ती आपण मांडली नाही, म्हणून मीच मांडतो. पोप सहावे पॉल यांनी 14 फेब्रुवारी 1969 रोजी नवीन दिनदर्शिकेला मान्यता दिली आणि ती 1 जानेवारी 1970 पासून लागू झाली. तिच्यामागे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे 1963 चे उपासनाविषयक संविधान होते. संतांच्या सणांनी तारणाच्या रहस्यांचे सण झाकले जाऊ नयेत, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. मार्च महिना बहुतेक वर्षी उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या सुमारे चाळीस दिवसांत, येतो, म्हणून तिथले मोठे संत उचलून दुसरीकडे नेले गेले. पोप थोरले ग्रेगरी 12 मार्चवरून 3 सप्टेंबरला गेले, जो त्यांच्या अभिषेकाचा दिवस. संत बेनेडिक्ट 21 मार्चवरून 11 जुलैला गेले, आणि थॉमस मागे सरकून 28 जानेवारीला आले. हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही, आणि माझ्या मूळ लेखातही मी ती घेतली नव्हती.

पण हिशेब करून पाहा. 1274 साली पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) 1 एप्रिलला होता, म्हणजे उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार 14 फेब्रुवारीला आला, आणि 7 मार्चला उपवासकाळ ऐन भरात होता. थॉमस उपवासकाळात वारले. ग्रेगरी 12 मार्च 604 रोजी वारले, त्या वर्षी पुनरुत्थानाचा सण 22 मार्चला होता. म्हणजे तेही उपवासकाळातच, अगदी शेवटच्या आठवड्यांत. ज्या माणसांनी उपवासकाळ पाळता पाळता डोळे मिटले, त्यांच्या आठवणीने उपवासकाळ बिघडतो, हे म्हणणे मला पटत नाही. आपल्याला पटत असेल तर त्याचे कारण लिहायचे होते. आपण कॅलेंडरचा विनोद लिहिला.

आणि उपवासकाळ राखण्यासाठी तारीख हलवण्याची गरजही नव्हती, कारण त्याची सोय आधीच झाली होती. पोप तेविसावे योहान यांनी 1960 साली जे नियम दिले आणि जे 1 जानेवारी 1961 पासून अमलात आले, त्यांनुसार उपवासकाळातल्या साध्या वाराला थॉमस यांच्या दर्जाच्या सणावर अग्रक्रम मिळाला होता. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी त्या काळी वेदीसेवक होतो. त्याआधी 7 मार्चच्या पहाटे साक्रिस्तीत, म्हणजे चर्चच्या वस्त्रांच्या खोलीत, गेलो, की चहूकडे उपवासकाळाचे जांभळे असताना फादरांसाठी त्या एका दिवशी पांढरी झगझगीत वस्त्रे काढून ठेवलेली दिसत. नियम बदलल्यावर त्याच तारखेला जांभळीच वस्त्रे आली, वाचनेही उपवासकाळातली आली. परंतु पहिली प्रार्थना संपली की फादर त्याच दमात दुसरी म्हणत, आणि तिच्यात ‘बेआती थोमे’ (धन्य थॉमस यांच्या) हे दोन शब्द ऐकू येत. मिस्सापुस्तकात त्यासाठी दुसरी फीत लावलेली असे आणि फादरांना एकदाच मागे पाने उलटावी लागत. एवढेच. उपवासकाळ जागच्या जागी राहिला, संतही जागच्या जागी राहिला. ही जी तोड निघाली होती ती दहा वर्षेही टिकू दिली नाही, ही माझी तक्रार आहे, आणि तुम्ही म्हणता तसा तो छंद नाही.

आता पेर्पेतुआ आणि फेलिसिता. इथे एक गोष्ट मान्य करायलाच हवी, आणि ती मी मोकळेपणाने करतो: त्या दोघींचा 7 मार्चवर थॉमस यांच्यापेक्षा फार जुना हक्क आहे. त्या कार्थेज येथे 7 मार्च 203 रोजी रक्तसाक्षी झाल्या, म्हणजे थॉमस यांच्या मृत्यूच्या 1071 वर्षे आधी. बावीस वर्षांच्या, अंगावर पिणारे मूल असलेल्या पेर्पेतुआने तुरुंगात लिहून ठेवलेली हकीकत ज्याने वाचली आहे, तो तिला कोणत्याही तारखेवरून ऊठ म्हणणार नाही. परंतु आपण ज्या थाटात हे मला ऐकवले आहे त्यावरून पुढचा भाग आपल्याला ठाऊक नसावा. 1908 पर्यंत त्या दोघींचे स्मरण 7 मार्चलाच, थॉमस यांच्या सणाच्या मिस्सेत, दुसऱ्या प्रार्थनेने होत असे. त्या वर्षी दहावे पायस यांनी त्यांना 6 मार्च हा स्वतंत्र दिवस दिला. म्हणजे आफ्रिकेतल्या दोन तरुण स्त्रिया आणि इटलीतला एक स्थूल धर्मपंडित एकाच तारखेवर शतकानुशतके नांदले, आणि कोणाचीही कुचंबणा झाली नाही. 1969 साली त्या दोघींना 7 मार्च परत मिळाला, हे उत्तम झाले. पण मग त्या उपवासकाळात चालतात कशा? उपवासकाळ मोकळा करायचा म्हणून थॉमसना उठवले, आणि त्याच जागी, त्याच उपवासकाळात, दुसऱ्यांना बसवले. आपण हा दाखला माझ्याविरुद्ध दिलात, पण तो कोणाच्या बाजूचा आहे हे सांगायला धर्मपंडित लागत नाही.

न विचारता आणखी एक सांगतो, म्हणजे मी जुने ते सगळे सोने मानतो असा आपला समज राहणार नाही. सिएनाच्या संत कॅथरिन 29 एप्रिल 1380 रोजी वारल्या. जुन्या दिनदर्शिकेत त्यांचा सण 30 एप्रिलला होता, कारण 29 हा दिवस व्हेरोनाच्या संत पीटर यांच्याकडे होता, आणि ते स्वतः मारले गेले होते 6 एप्रिल 1252 रोजी. नवीन दिनदर्शिकेने कॅथरिनना त्यांचा खरा दिवस दिला. इथे नवे जुन्यापेक्षा सरस आहे. थॉमस यांना दिलेला 28 जानेवारीसुद्धा कोणी टेबलाशी बसून शोधलेला दिवस नाही. 1369 साली त्यांचे अवशेष तुलूझ येथील डॉमिनिकन चर्चमध्ये पोहोचले तो हा दिवस, आणि त्यांच्या डॉमिनिकन साधुसंघात तो आधीपासून पाळला जात होता. बेनेडिक्ट यांचा 11 जुलैही असाच जुना आहे. त्यांचे मठवासी तर आजही 21 मार्चला त्यांचे देहावसान पाळतात, ते काही उपवासकाळाचे वैरी नव्हेत.

राहिलेल्या वाक्यांना फार वेळ द्यावा असे वाटत नाही.

लॅटिन माझ्या आजीला कळत नव्हते, हे खरे आहे. तिला अक्षरओळखही नव्हती. पण तिला संत अंतोनी 13 जूनचे हे ठाऊक होते, त्या सणाच्या आत पेरणी झाली की नाही यावरून ती पावसाळ्याचा अंदाज घेत असे, आणि ‘तान्तुम एर्गो’ हे लॅटिन गीत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता गात असे. ते गीत ज्या स्तोत्राचा शेवट आहे ते थॉमस यांच्या नावावर आहे, 1264 साली ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चसाठी जाहीर झाला तेव्हाचे. तिला त्यातले काय आणि किती कळत होते याचा निवाडा तुम्ही टोपणनावामागे बसून करू नये. मिस्सा मराठीत आली तेव्हा ती रडली होती, आनंदाने, हेही सांगतो. माझ्या लेखात लॅटिनचा आग्रह कुठे आहे तो मला दाखवा. लेख तारखेवर होता.

युरोपियन साधूंशी आपले देणेघेणे काय, हा प्रश्न वसईच्या किंवा गोव्याच्या माणसाने विचारावा हे नवल आहे. पादुआच्या संत अंतोनी यांचे चरित्र इथल्या भाषेत गोव्यातल्या राचोलला 1655 साली छापले गेले. गोव्यातल्याच शिवोलीच्या चर्चमध्ये त्यांची मूर्ती हातात दोरीने बांधलेला साप घेऊन उभी आहे. असा अंतोनी त्यांच्या जन्मगावी लिस्बनलाही ओळखू येणार नाही. ज्यांना आपण साडेतीन शतके नवस बोललो, त्यांना आता परके म्हणायचे असेल तर म्हणा.

पोप फ्रान्सिस यांचे 16 जुलै 2021 चे पत्र मी वाचले आहे. ते 1962 च्या जुन्या लॅटिन मिस्सापुस्तकाच्या वापराविषयी आहे, आणि ‘बंद केले’ हे म्हणणेही सैल आहे; परवानगीचा अधिकार त्यांनी बिशपांच्या हाती दिला आणि अटी घातल्या. थॉमस अमुक दिवशी वारले हे लिहिण्याला त्या पत्राची हरकत असेल असे मला दिसत नाही. मागचे दार वगैरे शब्द वापरण्याआधी पत्र उघडून पाहायला हवे होते.

छंदाविषयी एवढेच. 6 डिसेंबर 1273 रोजी, संत निकोलस यांच्या सणाच्या मिस्सेत, थॉमस यांना काहीतरी अनुभव आला, आणि त्यानंतर त्यांनी लेखणी हाती घेतली नाही. लिहिलेले सारे मला पेंढ्यासारखे वाटते, असे ते आपल्या सोबत्याला म्हणाल्याचे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. तो दिवस आपल्यापर्यंत पोहोचला तो निकोलसच्या सणाचा म्हणून. ज्यांच्या आयुष्याला सणांनीच तारखा दिल्या, त्यांच्याविषयी लिहिताना सणाची तारीख तपासणे हा छंद असेल, तर तो मला असू द्या.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. पुन्हा लिहिणार असाल तर आजी, छंद आणि मागचे दार बाजूला ठेवून एकाच गोष्टीचे उत्तर द्या: उपवासकाळात पेर्पेतुआ आणि फेलिसिता यांना जागा आहे, तर त्यांच्या मिस्सेत थॉमस यांच्यासाठी एका दुसऱ्या प्रार्थनेपुरती जागा का नाही? आणि त्या वेळी खाली आपले नावही लिहा.