भारताच्या अण्वस्त्रधोरणात एक वाक्य हवं

ब्रिटनमध्ये नवा पंतप्रधान आला की सुरुवातीच्याच दिवसांत त्याला चार पत्रं स्वतःच्या हातानं लिहावी लागतात. ती अण्वस्त्रं वाहणाऱ्या चार पाणबुड्यांवरच्या तिजोऱ्यांत जातात. देशावर अणुहल्ला झाला आणि आदेश द्यायला सरकारच उरलं नाही, तर पाणबुडीच्या कॅप्टननं काय करायचं, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. पंतप्रधान बदलला की जुनी पत्रं न उघडता नष्ट केली जातात. या पाणबुड्यांचा तळ स्कॉटलंडमध्ये फासलेनला आहे. मी राहते त्या ग्लासगोपासून तो साधारण ४० किलोमीटरवर. तळाबाहेर १९८२ पासून शांततावाद्यांची छावणी आहे आणि अण्वस्त्रं वाहणारे लष्करी ताफे इंग्लंडहून इकडच्या रस्त्यांनीच येतात. त्यामुळे इथं या विषयावर लोकांची मतं ठाम असतात, बाजूनं आणि विरोधातही.

ब्रिटनकडे अण्वस्त्रं असावीत का, या वादात मी आज शिरत नाही. मला त्या पत्रांतली एक गोष्ट मोलाची वाटते. कोट्यवधी माणसांच्या मरणाचा प्रश्न कुणा एका माणसाला कागद-पेन घेऊन स्वतःशी सोडवावा लागतो. शीतयुद्धात सोव्हिएत संघानं ‘पेरिमीटर’ नावाची अर्धस्वयंचलित यंत्रणा उभारली. नेतृत्व मारलं गेलं तरी प्रतिहल्ला व्हावा, हा तिचा हेतू. पण तिच्यातही शेवटचा निर्णय खोल बंकरमधल्या अधिकाऱ्यांवर सोडलेला होता. हे काम पूर्णपणे यंत्राच्या हाती द्यायला त्यांचंही मन धजावलं नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर हा प्रश्न इथं उघडपणे विचारला जातो. ब्रिटिश सरकारनं २०२२ मध्ये लेखी सांगितलं की अण्वस्त्रांवर मानवी राजकीय नियंत्रण कायम राहील. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीनं डिसेंबर २०२३ मध्ये त्यापुढची मागणी केली: अण्वस्त्रांच्या आदेश-नियंत्रण साखळीत एआयच्या वापरावर आंतरराष्ट्रीय बंदी यावी, आणि त्यासाठी सरकारनं पुढाकार घ्यावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथं बायडन आणि शी जिनपिंग भेटले, तेव्हा अमेरिका आणि चीन यांनीही मान्य केलं की अण्वस्त्र वापरण्याचा निर्णय माणसाच्याच ताब्यात राहायला हवा.

आणि आपल्याकडे? मे २०२५ मधल्या ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार दिवसांत मी फोन खाली ठेवू शकत नव्हते. पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याचा, दोन विमानं पडल्याची कबुली देणारा डीपफेक व्हिडिओ फिरत होता. पाठोपाठ, पाकिस्तानची अण्वस्त्रं जिथं असल्याचं मानलं जातं त्या किराणा हिल्सवर मारा होऊन किरणोत्सर्ग पसरल्याची अफवा आली. गळती झालेली नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला सांगावं लागलं. त्यानंतर मायदेशातल्या चर्चा ऐकते, वाचते, त्यांत सूर एकच असतो: पुढचं युद्ध ड्रोन आणि एआयचं, जो वेगवान तो जिंकेल. ड्रोनपुरतं ते खरंही असेल. अण्वस्त्रांच्या बाबतीत वेग हाच सगळ्यात मोठा धोका आहे, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही.

२६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव-१५ या हल्ल्याचा इशारा देणाऱ्या केंद्रात सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह ड्यूटीवर होते. उपग्रहांच्या यंत्रणेनं आधी एक, मग एकूण पाच अमेरिकी क्षेपणास्त्रं सुटल्याचं दाखवलं. इशारा खात्रीचा आहे, असंही तीच सांगत होती. पेत्रोव्हनी विचार केला की अमेरिकेला युद्ध सुरू करायचंच असेल तर ती पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल? जमिनीवरच्या रडारवर काहीच नव्हतं. त्यांनी वरिष्ठांना खोटा इशारा म्हणून कळवलं. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश यंत्रणेनं क्षेपणास्त्र समजला होता. पेत्रोव्हकडे दोनच गोष्टी होत्या, शंका घेण्याची बुद्धी आणि ती घ्यायला पुरतील एवढी मिनिटं.

म्हणून ‘शेवटचं बटण माणूसच दाबेल’ एवढ्या आश्वासनावर माझं समाधान होत नाही. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेनं ब्रिटनचं परतणारं टॉर्नेडो विमान पाडलं, आतले दोघंही गेले. यंत्रणेनं त्या विमानाला रडारवर चालून येणारं क्षेपणास्त्र ठरवलं होतं आणि ती चालवणाऱ्या माणसांनी ते मानलं. माणूस साखळीत होताच की! पण पडद्यावर दिसतं त्याच्यावर अविश्वास दाखवायला त्याच्याकडे जेमतेम मिनिटभर होतं. उद्या उपग्रहांची छायाचित्रं, शत्रूचे संदेश, रडारच्या खुणा हे सगळं एआय गाळून, जुळवून पंतप्रधानांसमोर ‘हल्ल्याची शक्यता अमुक टक्के’ म्हणून ठेवू लागला, तर निर्णय नावाला माणसाचा उरेल.

माणसंही चुकतात, हा आक्षेप खरा आहे, आणि आपलंच उदाहरण त्याला आहे. ९ मार्च २०२२ रोजी आपलं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याबद्दल हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आलं. आपल्या सरकारनं चूक जाहीरपणे मान्य केली ती ११ मार्चला. तोवर पलीकडच्या माणसांनी, स्वतःच्या रडारवर ते येताना पाहूनही, प्रत्युत्तर दिलं नव्हतं. त्यांच्या जागी सेकंदांत उत्तर देणारी यंत्रणा असती तर? दोन्ही देशांत अंतर इतकं कमी आहे की पेत्रोव्हना मिळाला तेवढाही वेळ इथं कुणाला मिळणार नाही. जी काही मिनिटं मिळतील ती यंत्रांच्या नव्हे, माणसांच्या वाट्याला आली पाहिजेत.

दिल्लीची सावध भूमिका मला समजते. अण्वस्त्र प्रसारबंदी करारानं जगाची अण्वस्त्रवाले आणि बिगर-अण्वस्त्रवाले अशी कायमची विभागणी केली आणि आपल्याला बाहेर ठेवलं. बड्या देशांनी नियम करायचे आणि इतरांनी सह्या करायच्या, याबद्दलचा आपला राग रास्तच आहे. २०२३ च्या अखेरीस स्वयंचलित शस्त्रांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाविरुद्ध भारतानं मत दिलं. ही चर्चा जिनिव्हात आधीपासून चालू असलेल्या शस्त्रविषयक वाटाघाटींतच व्हावी, असं आपलं म्हणणं होतं. तेही एकवेळ ठीक.

पण ज्या गोष्टीचा आपल्याला अभिमान आहे, ते प्रथम वापर न करण्याचं धोरण आपण कुणाच्या सांगण्यावरून स्वीकारलं? ते आपणहून जाहीर केलं. ४ जानेवारी २००३ च्या निवेदनात सरकारनं हेही स्पष्ट केलं की अण्वस्त्रांनी प्रत्युत्तर देण्याची परवानगी फक्त नागरी राजकीय नेतृत्व, अण्वस्त्र कमांड प्राधिकरणामार्फत देऊ शकेल. म्हणजे तत्त्व तिथं आहेच. त्यात एक वाक्य घालायचं आहे: हा अधिकार कोणत्याही यंत्रणेकडे सोपवला जाणार नाही, आणि हल्ल्याच्या इशाऱ्याची शहानिशा एआयवर न विसंबता, माणसांकडून, स्वतंत्र मार्गांनी होईल. त्यासाठी परदेशी परिषदेत सही करायला नको, कुणाचं दडपण मानायला नको. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं हा प्रश्न सरकारला विचारला तरी सुरुवात होईल.

पाकिस्तानशी बोलायचं तर चौकटही तयार आहे. क्षेपणास्त्र चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करार फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे, ब्रह्मोस हे क्रूझ क्षेपणास्त्र त्यात बसतच नाही. अण्वस्त्रांच्या अपघातांबाबत २००७ मध्ये वेगळा करार झाला, त्यात एआयमुळे होणाऱ्या चुकांचं कलम घालता येईल. अणुकेंद्रांच्या याद्या दोन्ही देश १९९२ पासून दर १ जानेवारीला एकमेकांना देतात. कारगिल झालं, मुंबईवर हल्ला झाला, पुलवामा झालं, तरी तो शिरस्ता मोडला नाही. पुढच्या १ जानेवारीला त्या यादीसोबत या कलमाचा मसुदा भारतानंच पाठवावा.