आठ लाखांवर बारा हजार

"लेक सरकारी कॉलेजात ना? मग कसली काळजी!" असं म्हणणाऱ्याला एकदा साताऱ्यात घरी बोलावून पावत्यांची पिशवीच हातात द्यायचीय. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची फी 2024 पासून माफ. आमचं दोघांचं मिळून बारा हजारांनी वर, म्हणजे आम्ही श्रीमंत! घराचा हप्ता, आईची औषधं उत्पन्नाच्या दाखल्यावर कुठं दिसतात? आणि फी माफ झाली असती तरी पुण्यातली खोली, मेस, डिपॉझिट, एसटीची ये-जा कोण माफ करणार होतं? (मेसवाला तर दर सहा महिन्यांनी दर वाढवतो, भाजी तीच.) यंदा तिसरी एफडी मोडली. आता बायकोच्या पाटल्या. लेक म्हणते, "बाबा, अजून दोन वर्षं आहेत."